ठेकेदारांचा डावा हात

बँडमधल्या निम्म्या लोकांना त्यांचं खरं नाव ठाऊक नव्हतं. ड्रमवर ठेका धरतात म्हणून ठेकेदार, एवढंच. एका हॉटेलच्या मॅनेजरने हे नाव ऐकून त्यांना बाजूला घेतलं होतं आणि गच्ची गळते त्याचं काय करता येईल, असं विचारलं होतं. ठेकेदार चेहऱ्यावरची रेषही न हलवता वर गेले, गच्ची पाहिली, "उतार चुकलाय" म्हणाले आणि खाली येऊन ड्रमवर बसले. उतार चुकला होता की नाही देव जाणे, पण तो मॅनेजर पुढे कायम त्यांच्याशी अदबीने बोलायचा.

मी त्या बँडमध्ये बास गिटार वाजवायचो. बासवाला ड्रमच्या डाव्या अंगाला उभा राहतो, त्यामुळे ठेकेदारांचा डावा हात मी जितका पाहिला तितका त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनीही पाहिला नसेल. लोकांचं लक्ष गाणाऱ्याकडे असतं. फार तर गिटारकडे जातं. ड्रमवाल्याच्या डाव्या हाताकडे कोणी बघत नाही. पण गाणं उभं राहतं ते त्याच हातावर. उजवा पाय खाली मोठा ड्रम वाजवतो, उजवा हात झांजेवर चालू असतो आणि त्या दोघांच्या मध्ये, नेमक्या जागी, डावा हात 'टप्' करून पडतो. तो चुकला तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात आणि का अडखळले ते त्यांनाही कळत नाही. ठेकेदारांचा कधी चुकला नाही. कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी यायचे, शर्टाच्या बाह्या दुमडायचे, ड्रमचा एकेक स्क्रू पाहायचे आणि मग कोपऱ्यात गप्प बसून राहायचे. माणूस मोजकंच बोलणारा. वहिनी म्हणायच्या, "यांना जे बोलायचं असतं ते हे स्टेजवरच बडवून येतात, घरी काही उरतच नाही."

वहिनी चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. काचा बसवायच्या, दांड्या सरळ करायच्या, डोळ्याला नीट दिसणारही नाहीत असे स्क्रू पिळायचे. त्यांना एकच मुलगी. लग्न होऊन ती परगावी राहायची.

एका सकाळी दाढी करताना ठेकेदारांच्या हातातून साबणाची वाटी पडली. वहिनींनी विचारलं काय झालं, तर त्यांना उत्तर देता येईना. डावा हात लोंबत होता आणि ते आरशात त्याच्याकडे असे बघत होते, की जणू दुसऱ्याच कुणाचा हात आपल्या खांद्याला लावलाय. अर्धांगाचा झटका होता. दवाखान्यात वेळेवर पोचले म्हणून जीव वाचला. जीभही सावरली. पाय फरपटत का होईना चालू लागला. हात मात्र मागेच राहिला. बोटं वळत, मनगट वळत नसे.

सरावाच्या खोलीत त्यांचे ड्रम चादर घालून ठेवलेले होते. आमचे मास्तर की-बोर्ड वाजवायचे आणि बँडही त्यांचाच. घरी जाऊन ते ठेकेदारांना म्हणाले, "जागा तुमचीच आहे. निवांत बरे व्हा." तसं म्हणावंच लागतं. कार्यक्रम तर चालूच होते. त्यामुळे मास्तर की-बोर्डमधला तयार ताल लावून काम भागवत होते.

दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या फिजिओबाई होत्या. वयाने ठेकेदारांच्या मुलीएवढ्याच. त्या त्यांना सांगायच्या, "काका, हात वापरला नाही तर तो तुम्हाला विसरेल. काहीतरी बडवा. उशी बडवा, टेबल बडवा." उशी बडवायला ठेकेदार तयार नव्हते. हे मुलीच्या कानावर गेलं आणि पुढच्या वेळी ती माहेरी आली तेव्हा पाठीवरच्या बॅगेत इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅड घेऊन आली.

दोन हातांत मावेल एवढी पेटी. वर काळ्या रबराचे चौकोन, खाली छोटा पडदा आणि काही बटणं. ठेकेदारांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"हा तर बर्फाचा ट्रे आहे," ते म्हणाले.

"बाबा, यात तुमचा सगळा सेट आहे. मोठा ड्रम, छोटा ड्रम, झांजा, सगळं."

"यात?"

"यात."

"मग आम्ही इतकी वर्षं टेम्पो कशाला करत होतो?"

मुलगी हसली. वहिनी हसल्या नाहीत, कारण त्या तोवर पेटीच्या मागचे स्क्रू बघण्यात गुंतल्या होत्या. स्टँडवर बसवायची लोखंडी पट्टी निराळी आली होती, ती पाठीला कुठल्या बाजूने लागते ते पुस्तिकेतल्या चित्रावरून कळत नव्हतं. वहिनींनी चष्म्याच्या कापडाने पाठ पुसली, भोकं जुळवून पाहिली आणि पट्टी बसवली. त्या दिवसापासून ती पेटी मांडायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं. ठेकेदारांना एका हाताने स्टँडचे पाय फाकवता येत नव्हते आणि मुलगी तर दोन दिवसांत परत गेली.

वहिनींनी मांडणीचा क्रम ठरवून टाकला. आधी स्टँड, मग त्यावर पेटी, किंचित स्वतःकडे कललेली. मग पायाचं पेडल. मोठा ड्रम त्या पेडलवर वाजायचा. पेडल दाबलं की फरशीवरून पुढे सरकायचं, म्हणून त्याखाली रबरी चटई. मग वायरी. आवाजाचं बटण पूर्ण खाली आणायचं आणि सगळ्यात शेवटी वीज. एकदा त्यांनी आवाज खाली न आणता वीज चालू केली, तेव्हा स्पीकर असा काही ठोठावला की शेजारी दार वाजलं समजून बाहेर आला. पुन्हा ती चूक झाली नाही. सगळं जोडून झालं की त्या एकेका चौकोनावर बोटाने टिचकी मारायच्या, आवाज येतोय ना बघायच्या आणि खुर्चीतून उठायच्या. "बसा."

ठेकेदार बसायचे. उजव्या हाताने सुरुवात ठीक व्हायची. उजवा पायही साथ द्यायचा. डाव्या हाताची काठी मात्र चौकोनावर नुसती टेकायची आणि पेटीतून काहीच यायचं नाही. ती इतक्या हलक्या स्पर्शाला दाद देत नसे. ठेकेदारांच्या कपाळावर घाम यायचा. मधली जागा रिकामी जायची, पुन्हा रिकामी जायची आणि ते काठ्या खाली ठेवायचे.

यावरचा उपाय वहिनींना मुलीकडून फोनवर कळला. प्रत्येक चौकोन किती नाजूक किंवा किती राठ ठेवायचा ते ठरवता येतं. डाव्या हाताचा चौकोन नाजूक करा, म्हणजे हलकी काठीही जोरात वाजेल. वहिनींनी बटणं दाबत दाबत ती जागा शोधली, आकडा वर नेला आणि काही न सांगता ठेकेदारांना बसवलं.

काठी टेकली आणि खणखणीत 'टप्' आला. त्यांचा जुना 'टप्'.

ठेकेदारांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. "हे तू केलंस?"

"मी आकडा वाढवला. वाजवलं तुम्हीच."

त्या उन्हाळ्यात ते परत आले. सरावाच्या खोलीत वहिनी पाठीवर बॅग आणि हातात स्टँड घेऊन पुढे, ठेकेदार काठी टेकत मागे. मास्तरांनी दार उघडलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, हे मी पाहिलंय. आम्ही वाजवलं. आवाज थोडा प्लास्टिकचा होता, पण ठेका त्यांचाच होता. मला माझ्या उजव्या अंगाला पुन्हा माणूस मिळाला होता. बाकीच्यांना याचं मोल कळणार नाही.

काही महिने बरे गेले. मग एका कंपनीच्या वार्षिक समारंभात आम्ही वाजवायला गेलो. सभागृह मोठं, पण स्टेज तात्पुरतं. लोखंडी सांगाड्यावर प्लायवूड टाकलेलं आणि खाली पोकळ. शेवटच्या गाण्याला कंपनीतली मंडळी स्टेजवर चढून नाचू लागली. गाणं वेगाचं होतं. मी ठेकेदारांच्या शेजारी होतो. मधेच त्यांचा डावा हात थकला. काठी घसरून मांडीवर आली आणि हात तिथेच राहिला.

पण 'टप्' वाजतच राहिला.

आधी मला वाटलं, मला भास होतोय. मग बघितलं, नाचणाऱ्यांचे पाय प्लायवूडवर पडत होते, स्टँड थरथरत होता आणि तो नाजूक करून ठेवलेला चौकोन त्या हादऱ्यालाच काठी समजून आपल्या आपण वाजत होता. नाचणारे ठेक्यातच नाचत होते, त्यामुळे 'टप्'ही बऱ्यापैकी जागेवरच पडत होता. ठेकेदार मांडीवरच्या हाताकडे बघत होते. उजवा हात आणि पाय त्यांनी चालू ठेवले, गाणं संपवलं. टाळ्यांनी सभागृह दणाणलं.

खाली उतरल्यावर कंपनीचे एक साहेब मुद्दाम भेटायला आले. कुणीतरी त्यांना आजारपणाचं सांगितलं असावं. त्यांनी ठेकेदारांचा डावाच हात हातात घेतला आणि म्हणाले, "कमाल आहे तुमची. एवढं होऊनही हात काय चालतो." त्यांच्या बोलण्यात काही खोट नव्हती. ठेकेदारांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना पेटी मांडायला सांगितली आणि म्हणाले, "डाव्याचा आकडा खाली आण. उजव्याइतकाच कर."

"मग वाजणार नाही."

"जेवढं वाजेल तेवढं वाजेल."

"अहो, चष्मा लावला म्हणून कुणी दिसण्यात खोटेपणा करतं का? अधू अंगाला आधारच आहे हा."

ठेकेदारांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "चष्मा डोळ्याला लावतात. डोळा बघत असतो. काल माझा हात मांडीवर होता."

वहिनींनी आकडा खाली आणला.

पुढच्या सरावाला डाव्या हाताचा आवाज कधी यायचा, कधी यायचा नाही, आणि यायचा तेव्हा दारावर कुणी संकोचाने टिचकी मारावी तसा. मास्तरांनी गाणं थांबवलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "ठेकेदार, स्टेज बदलून घेऊ, पेटीखाली स्पंज घालू. पण आकडा वर घ्या. लोकांना हात ऐकू येत नाही, गाणं ऐकू येतं." यात चुकीचं काय होतं? बँड म्हणजे चारपाच घरांची पोटं. ठेकेदार म्हणाले, "तुमचं बरोबर आहे," आणि वहिनी घ्यायला आल्यावर पेटी उचलायला सांगितली. पुन्हा ते आले नाहीत. महिन्याभरात नवा ड्रमवाला आला. चांगला होता. मी त्याच्या डाव्या अंगाला उभा राहायचो आणि त्याच्या हाताकडे बघायचं टाळायचो.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पेटी पलंगाखाली गेली. ठेकेदार खिडकीशी बसून राहायचे, जेवण पानात ठेवून उठायचे, व्यायामाला जायचं तर डोकं दुखतंय म्हणायचे. मी भेटायला गेलो की माझ्या मुलाबाळांची चौकशी करायचे आणि बँडचा विषय निघाला की पंख्याकडे बघायचे. वहिनींचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी एक दिवस त्यांनी दुकानातून सुट्टी घेतली आणि नवऱ्याला अक्षरशः दंडाला धरून रिक्षात घातलं. "हात तुमचा आहे, पण पाठ माझी मोडतेय. चला."

दवाखान्यातली व्यायामाची खोली लांबट होती. एका भिंतीला आरसा, मधोमध कमरेइतक्या उंचीचे दोन समांतर लोखंडी दांडे, त्यांच्यामध्ये चालायचं. त्या दिवशी दांड्यांमध्ये एक माणूस उभा होता. शहर बसचा ड्रायव्हर. त्यालाही अर्धांगच झालेलं, त्याचीही डावी बाजू. घरी एकदा पडल्यापासून त्याने धसका घेतला होता. पाय उचलायचा म्हटलं की तो जागच्या जागी गोठायचा. फिजिओबाईंनी मोबाइलवर टिक-टिक लावली होती. त्या टिक-टिकवर पाऊल टाकायचं. टिक व्हायची, ड्रायव्हरचा पाय अर्धा उचलायचा, तोवर पुढची टिक झालेली असायची, आणि पाय पुन्हा खाली.

ठेकेदार बाकावर बसून बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "बाई, हे बंद करा."

"काका, त्याने चालण्याला लय येते."

"येते. पण हे यंत्र त्यांच्यासाठी थांबत नाही. गाणाऱ्याचा श्वास पुरला नाही तर आम्ही किंचित थांबायचो. कळूही द्यायचो नाही."

फिजिओबाईंनी मोबाइल बंद केला आणि त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही थांबाल?"

वहिनींनी मला नंतर सांगितलं, की बाईंना वाटलं ठेकेदार नाही म्हणतील. ते म्हणाले, "मांडायला हिला अर्धी सुट्टी काढावी लागेल."

मंगळवारी वहिनींनी पेटी मांडली. चटई, पेडल, छोटा स्पीकर, आवाज अगदी बेताचा, कारण पलीकडे वॉर्ड होता. ठेकेदार आरशाशेजारी बसले, जिथून ड्रायव्हरचे पाय दिसतील. सुरुवातीला त्यांनी काही वाजवलंच नाही. ड्रायव्हरने दांडे धरले, उभा राहिला, त्याचा उजवा पाय पुढे पडला आणि त्या पायाबरोबर ठेकेदारांचा उजवा हात पडला. मग शांतता. ड्रायव्हर गोठला. ठेकेदार थांबले. बाई काही बोलणार होत्या, वहिनींनी खुणेने नको म्हटलं. ड्रायव्हरची टाच जराशी हलली, तेवढ्यात ठेकेदारांनी डाव्या हाताची काठी टेकवली. आकडा खालीच होता. आवाज आला तो हलका, आळसावलेला, थोडा उशिराचा. ड्रायव्हरचा डावा पाय त्या आवाजामागे गेला.

जड, हलका. जड, हलका. त्या ठेक्यावर कुणी नाचू शकलं नसतं. दांड्यांच्या टोकाशी पोचल्यावर ड्रायव्हर वळला आणि म्हणाला, "हा ठेका लंगडतोय."

"तुमच्याएवढाच," ठेकेदार म्हणाले.

ड्रायव्हर हसला नाही, पण परत फिरला.

मंगळवार आणि शुक्रवार ठरून गेले. ड्रायव्हरखेरीज आणखी माणसं येऊ लागली. प्रत्येकाचं चालणं निराळं, म्हणून प्रत्येकाचा ठेका निराळा. एका शिक्षिकाबाईंना झांजेचा आवाज सोसायचा नाही, त्यांच्यासाठी ठेकेदारांनी पेटीत लाकडावर ठोकल्यासारखा आवाज शोधून ठेवला. वहिनींनी दुकानात बोलून मंगळवार-शुक्रवारची दुपार मागून घेतली. मी एकदा बघायला गेलो, तेव्हा ठेकेदारांनी बाह्या दुमडल्या होत्या. ते मला फार दिवसांनी दिसलं.

मग ड्रायव्हर पडला. तोवर तो दांडे सोडून नुसत्या काठीवर चालायला लागला होता. त्या शुक्रवारी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो न थांबता आला, शेवटची काही पावलं राहिली होती, बाईंच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. ठेकेदारांनाही राहवलं नाही. गाण्याच्या शेवटच्या फेरीला ठेका जरा उचलायचा, ही त्यांची आयुष्यभराची सवय. त्यांनी उचलला. ड्रायव्हरचे पाय ठेक्यामागे धावले, डावा पाय मागे राहिला आणि तो कोपरावर आदळला.

हाड मोडलं नाही. कोपर सोलवटलं, ओठातून रक्त आलं. पण ठेकेदारांनी हातपाय गाळले. घरी येईपर्यंत त्यांनी रिक्षाचा दांडा सोडला नाही. वहिनींना एवढंच म्हणाले, "मी पाडलं त्याला."

"तुम्ही मुद्दाम केलंत का?"

"मुद्दाम केलं असतं तर निदान लक्षात तरी आलं असतं."

मंगळवारी ते गेले नाहीत. शुक्रवारीही नाही. त्याच शुक्रवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. वहिनींनी दार उघडलं, तर काठी टेकत ड्रायव्हर उभा, मागे त्याची बायको, दोघांना जिने चढून धाप लागलेली. वहिनींनी खुर्ची दिली. ड्रायव्हर ठेकेदारांसमोर बसला. कोपराला अजून पट्टी होती.

"आला नाहीत," तो म्हणाला.

ठेकेदार खाली बघत राहिले. "माझ्यामुळे पडलात."

"हो." ड्रायव्हर पाणी प्यायला, त्याने पेला खाली ठेवला. "माझ्या बसमध्ये लोक पडायचे. कुणी आडवं आलं की ब्रेक मारावा लागतो, मागे उभी माणसं एकमेकांवर जातात. एकदा एका म्हातारीचा हात मोडला. ब्रेक उशिरा लावला होता मी, चूक माझीच होती. मी तिला दवाखान्यात भेटून आलो. आणि सकाळी डेपोत गेलो."

"तिने काही म्हटलं नाही?"

"शिव्या घातल्या. पण ती पुन्हा माझ्याच बसने यायची. दुसरी बस त्या रस्त्याला नव्हती."

ड्रायव्हरची बायको म्हणाली, "त्या मोबाइलवर हे चालत नाहीत. दोन्ही दिवस नुसते उभे होते."

मंगळवारी ठेकेदार गेले. ते नंतर मला म्हणाले होते, "आयुष्यभर मी लोकांना माझ्यामागे आणलं. आता मागे चालायला शिकतोय. पुढे होऊ नये म्हणून हात आवरायला लागतो." त्यांनी इतकं सलग बोललेलं मी फार थोड्या वेळा ऐकलंय.

असं दीडेक वर्ष चाललं. मग ठेकेदारांना दुसरा झटका आला. पाय पुन्हा गेला, जीभ जड झाली. घरी आणल्यावर ते दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. या वेळी वहिनींनी दंडाला धरलं नाही. पेटी पाठीवर घेतली आणि म्हणाल्या, "मी मंगळवारी मांडून येते. लोक वाट बघतात. यायचं तर या." ठेकेदार चाकाच्या खुर्चीतून गेले.

खोलीत पेटी मांडून झाली. वहिनी नेहमीसारख्या टिचक्या मारून उठल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की "बसा" म्हणायला समोर कुणी नाही. फिजिओबाईंनी ठेकेदारांना दांड्यांमध्ये उभं केलं होतं.

"मोबाइल लावू?" बाईंनी विचारलं.

ठेकेदारांनी मान हलवून नाही म्हटलं आणि बायकोकडे बघितलं.

वहिनी मला सांगत होत्या, "मी आयुष्यात कधी काठी हातात धरली नव्हती. वायरी जोडणं वेगळं. पण ते उभे होते, आणि त्यांना फार वेळ उभं राहता येत नव्हतं." त्या बसल्या. पेडल सोडून दिलं. दोनच चौकोन घेतले, उजवा आणि डावा. नवऱ्याचा उजवा पाय पडला, त्यांनी उजवी काठी टाकली. डाव्याची वाट पाहिली. डावा येईना. वहिनींनी घाबरून काठी टाकली.

"घाई," ठेकेदार म्हणाले. जीभ जड होती तरी हा शब्द सगळ्यांना कळला.

"तुम्ही उचला मग. मी काय दिवसभर बसू?"

बाकावरची मंडळी हसली. ठेकेदारांच्या तोंडाची एक बाजू हसली. मग त्यांनी पाय उचलला आणि वहिनींनी काठी टाकली, या वेळी जागेवर. दांड्यांच्या टोकापर्यंत जायला त्यांना फार वेळ लागला. बाकावर ड्रायव्हर होता. तो उठून दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि ठेकेदार तिथे पोचल्यावर त्याने काही न बोलता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

तीन-चार महिने वहिनी वाजवत होत्या आणि ठेकेदार चालत होते. मधल्या काळात ते त्यांना शिकवायचेही. शब्दांनी फारसं नाही. इतर कुणी चालत असलं की वहिनींच्या मांडीवर उजव्या हाताचं बोट टेकवून ठेवायचे. थांब म्हणजे दाबून धरायचे, आता म्हणजे सोडायचे. वहिनी पायांकडे बघायला शिकल्या त्या अशा.

थंडी सरता सरता, दुपारी जेवून आडवे झालेले ठेकेदार उठलेच नाहीत.

आम्ही सगळे गेलो होतो. बँडही, दवाखान्यातली माणसंही. मास्तर एका कोपऱ्यात उभे होते. काही दिवसांनी ते वहिनींना भेटायला गेले तेव्हा मी सोबत होतो. मास्तर फार हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, ती पेटी आम्हाला द्याल? वाजवणार नाही. सरावाच्या खोलीत त्यांच्या जागेवर ठेवू. त्यांची आठवण."

वहिनी म्हणाल्या, "मास्तर, तुमचं मन मला कळतं. पण ती कामात आहे."

मुलीने त्यांना आपल्याकडे राहायला बोलावलं. त्या जाऊन आल्या, आठवड्याच्या आत परतल्या. मुलीला त्यांनी काय कारण सांगितलं ते ठाऊक नाही. मला म्हणाल्या, "तिथे मंगळवार येतो, पण त्याचं करायचं काय?"

मध्यंतरी दवाखान्याची व्यायामाची खोली वरच्या मजल्यावर हलवली. मी गेलो तेव्हा लिफ्ट बंद होती. वहिनी बॅग घेऊन जिना चढत होत्या, ड्रायव्हर पुढे होता, त्याच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात स्टँड. मी स्टँड मागितला तर त्याने दिला नाही. खोलीत फरशी नवी होती, गुळगुळीत. वहिनींनी स्टँड उभा केला, पेटी बसवली, वायरी जोडल्या, आवाज खाली आणून वीज लावली. त्या दिवशी एक नवीन बाई आली होती, मुलाच्या खांद्याला धरून. चेहरा पांढराफटक पडलेला. तिला दांड्यांमध्ये उभं केलं. ती म्हणाली, मला नाही जमणार.

वहिनींनी काठ्या हातात घेतल्या होत्या. त्या काहीच वाजवत नव्हत्या. मान थोडी पुढे काढून त्या बाईच्या पायांकडे बघत होत्या. खोलीतले सगळे थांबले होते. मीही थांबलो.